टिचबटणं

केळीची पानं मीच पुसायचे, तेलाचा हात लावून,
कारण चादर अंगाला धरून बसे
आणि सुटताना एकटी सुटत नसे.
वीस वर्षं मी त्या इस्पितळात चादरी सांधल्या,
मातो ग्रोसोच्या लाल धुळीत,
आणि ज्या वॉर्डाला त्या सगळ्यांत जास्त लागाव्यात
तिथेच माझ्या शिवणीचा उपयोग शून्य.

रानटी आग म्हणतात इकडे त्या दुखण्याला.
ओढ्याकाठचं घर, काळ्या माश्या चावतात
(माशीच का, हे छातीठोक कुणीच सांगत नव्हतं),
मग छातीवर, पाठीवर पातळ फोड,
फुटले की पापुद्रे,
आणि उन्हात पाऊल टाकलं की अंग नुसतं पेटतं.

लिंदाउरा अकरा वर्षांची.
बाप फाटकाशीच थांबायचा,
कसाव्याची पिशवी गजाला अडकवून
तिथूनच टोपी हलवायचा.
लागण होत नाही, डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं.
तो मान डोलवायचा.
आत यायचा नाही.

डॉक्टर अनीझियो एकदा साओ पाउलोहून फोटो घेऊन आले.
राखाडी. मला वाटलं, ओल आलेली भिंत.
"या दोन पेशी, शेजारशेजारच्या.
हिच्या कडेला ही काळी टिकली, तिच्या कडेला तशीच,
आणि मधून बारीक दोरे.
अशा असंख्य. माणूस जागच्या जागी राहतो तो यांच्यावर."
मी म्हटलं, "टिचबटणं."
ते हसले नाहीत. म्हणाले, "हो. तेच."

म्हणजे आपण अखंड कापड नव्हेच.
ठाण नाही, ताग नाही,
नुसते तुकडे, एकमेकांत दाबून बसवलेले,
आणि दिवसभर आपण ओझी उचलतो, भांडतो, खाजवतो,
त्यातलं एकही बटण निसटल्याचं कळत नाही.
मला त्या रात्री कूस बदलायची भीती वाटली.

"मग हिची काढतं कोण?"
"हिचंच रक्त. राखणदार फिरलेत.
घरातल्या बटणांनाच चोर समजतात."
त्यांनी दुसरा फोटो सरकवला.
पेशी गोल गोल झालेल्या, धडधाकट,
मेलेली म्हणावी अशी एकही नाही.
फक्त कुणी कुणाला धरलेलं नाही.
मी या इस्पितळात प्रेतं धुतली आहेत.
तो फोटो मात्र मी उलटा ठेवला.

आणि गंमत ऐका, तोंडात तिच्या एकही फोड नव्हता.
ओठाबाहेर आग, ओठाआत सगळं शाबूत.
का, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.
आंबा खायची ती बाठ पांढरी होईपर्यंत,
आणि मला शिव्या द्यायची, तेल थंड आहे म्हणून.
तिला जवळ घ्यावं तर तीच माझ्या हाताला लागून येणार.
मी पान बदलायचे. तेवढंच.

मग गोळ्या सुरू झाल्या. गाल सुजून टरबूज,
भूक राक्षसाची, रात्री रडारड.
रोज सकाळी ती अंगठा मनगटावर दाबून सरकवायची,
कातडी अंगठ्याबरोबर जाते का ते बघत.
जायची.
जायची.
कधीतरी मार्चमध्ये म्हणाली, "झुल्मिरा, बघ, राहिली."

त्या रविवारी ती आपल्या पायांनी फाटकाशी गेली,
डोक्यावर माझी फाटकी चादर, उन्हासाठी.
बापाने टोपी दोन्ही हातांत घट्ट धरली,
जणू हात मोकळे राहिले तर काही करतील.
त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं.
तिने गजांतून हात घातला
आणि दाबलं.
टिच.
मला पडवीत ऐकू आलं.

त्याही दिवशी तो आत आला नाही.
टोपी मात्र गजावर विसरून गेला,
ती मी दुपारी काढून आणली,
आणि पानं पुसायला बसले,
वॉर्डात अजून चौदा खाटा होत्या.